मनुष्याची उत्पत्ती आणि आत्म्याचे स्वरूप: मंडळीत हा अभ्यासवर्ग कसा घ्यावा

सांगली, मिरज, सातारा आणि वाई या परिसरातील मराठी मंडळ्यांत शब्बाथ शाळा किंवा तरुण संघ चालवणाऱ्यांपुढे एक प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या विषयाच्या दुसऱ्या भागातील पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांती यांवर आहे, आणि तो शिकणाऱ्या मुलाने आदाम आणि हव्वा यांची हकिकत बालपणापासून ऐकलेली असते. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, हे त्याला सहसा कोणी शांतपणे सांगत नाही. मग शाळेचा पाठ परीक्षेपुरता आणि पवित्र शास्त्र रविवारपुरते अशी वाटणी होते. ही वाटणी मला फार घातक वाटते, कारण विश्वासाच्या बाबतीत विचार करायचा नसतो, एवढेच मूल तिच्यातून शिकते. पुढील मार्गदर्शन पाळक, मंडळीचे वडील आणि शिक्षक यांच्यासाठी आहे. दीड-दीड तासाची चार सत्रे धरली, तर विषय घाईगर्दी न करता मांडता येतो.

वर्ग सुरू करण्यापूर्वी चालकाने एक काम स्वतःशी पूर्ण करावे. या विषयावर आपण जे जे बोलणार आहोत, त्यातील कोणती विधाने सार्वत्रिक मंडळीची कबुली आहे, कोणत्या बाबतीत मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत आणि कोणते आपले वैयक्तिक मत आहे, याची कागदावर वेगवेगळी नोंद करावी. पहिल्या गटातील विधाने पुष्कळांना वाटतात त्यापेक्षा फार थोडी असतात. देव हा दृश्य आणि अदृश्य सर्व गोष्टींचा निर्माता आहे, ख्रिस्त आपल्या तारणासाठी देहधारी होऊन मनुष्य झाला, आणि मृतांचे पुनरुत्थान होणार आहे, हे ३२५ सालच्या नायसियाच्या आणि ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदांतून आलेल्या विश्वासांगीकारात स्पष्ट आहे. मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला आणि तो पापात पडला, हेही सर्व मंडळ्या शास्त्राच्या आधारे मानतात. परंतु सृष्टीचे दिवस किती लांबीचे होते, मानवी देह कोणत्या क्रमाने घडला, आत्मा आईवडिलांकडून येतो की देव तो प्रत्येक वेळी नव्याने निर्माण करतो, यांपैकी एकही गोष्ट त्या विश्वासांगीकारात नाही. वर्गात वाद पेटतो तो बहुधा दुसऱ्या गटातील मत पहिल्या गटात नेऊन बसवल्यामुळे. म्हणून ही नोंद चारही सत्रांत चालकाच्या समोर असावी.

पहिले सत्र: वाचन

पहिल्या सत्रात भाष्य कमीत कमी ठेवावे. उत्पत्ती १:१ पासून २:३ पर्यंतचा भाग एकाने आणि २:४ पासून दुसऱ्या अध्यायाच्या शेवटापर्यंतचा भाग दुसऱ्याने मोठ्याने वाचावा, आणि प्रत्येक भागात निर्मितीचा क्रम कसा येतो, हे उपस्थितांनी स्वतः वहीत उतरवावे. पहिल्या भागात वनस्पती तिसऱ्या दिवशी, सूर्य-चंद्र चौथ्या दिवशी, जलचर आणि पक्षी पाचव्या दिवशी आणि भूचर प्राणी व मनुष्य सहाव्या दिवशी येतात, आणि नर व नारी यांची निर्मिती एकत्रच सांगितली आहे. दुसऱ्या भागात आधी मातीतून मनुष्य, मग बागेतील झाडे, मग पशुपक्षी आणि शेवटी स्त्री असा क्रम आहे. ही नोंद लोकांनी आपापल्या हाताने केली, म्हणजे हे दोन भाग एकाच घटनाक्रमाचा अहवाल म्हणून लिहिलेले नसावेत, ही शंका चालकाने न सुचवताही पुढे येते. ती आली की, ही शंका आधुनिक विज्ञानाच्या धाकाने निर्माण झालेली नाही, हे सांगावे. सूर्य नसताना पहिले तीन दिवस कसे मोजले असतील, हा प्रश्न आरंभीच्या मंडळीतील शिक्षक ओरिजेन याने तिसऱ्या शतकातच विचारला होता. पश्चिमेकडील मंडळीचा थोर शिक्षक ऑगस्टीन यानेही हे दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे मानले नाहीत. उलट, पृथ्वी आणि आकाश यांविषयी अविश्वासू माणसाला जे अनुभवाने ठाऊक असते, त्याविषयी ख्रिस्ती मनुष्याने शास्त्राचा हवाला देऊन चुकीचे बोलू नये, नाहीतर पुनरुत्थानाविषयीच्या त्याच्या साक्षीवर तरी कोण विश्वास ठेवील, असा इशारा त्याने पाचव्या शतकाच्या आरंभी दिला. डार्विनच्या चौदाशे वर्षे आधीचा हा इशारा वर्गात मुद्दाम सांगावा.

याच सत्रात ‘प्रतिरूप’ या कल्पनेला पुरेसा वेळ द्यावा, कारण मनुष्याविषयीच्या ख्रिस्ती विचाराचे मूळ तेथे आहे. ऑगस्टीन आणि मध्ययुगीन ईश्वरविज्ञानी थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेने प्रतिरूप मनुष्याच्या बुद्धीत आणि देवाला ओळखण्याच्या क्षमतेत पाहिले. प्राचीन पश्चिम आशियात राजाला देवाची प्रतिमा म्हटले जात असे, याकडे लक्ष वेधून अलीकडचे पुष्कळ अभ्यासक म्हणतात की प्रतिरूप म्हणजे देवाच्या वतीने सृष्टीची जबाबदारी सांभाळण्याचे पद होय, आणि जे पद इतरत्र एका राजाला होते ते उत्पत्ती प्रत्येक स्त्री-पुरुषाला देते. विसाव्या शतकात स्विस ईश्वरविज्ञानी कार्ल बार्थ याने हे प्रतिरूप परस्परसंबंधात शोधले. मला स्वतःला दुसरा अर्थ संहितेच्या सर्वांत जवळचा वाटतो, कारण १:२६ मध्ये प्रतिरूपाच्या पाठोपाठ लगेच सत्तेचा उल्लेख येतो. पण हे तिसऱ्या गटातील मत आहे. महत्त्वाचे हे की पापात पडल्यानंतरही हे प्रतिरूप नष्ट झालेले नाही, असे उत्पत्ती ९:६ आणि याकोब ३:९ यांवरून दिसते. बुद्धीने मंद, आजाराने जर्जर किंवा समाजाने दूर लोटलेला मनुष्यही त्यातून वगळता येत नाही. सातारा जिल्ह्यातील वाचकांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज पडू नये. ज्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, त्या जोतीराव फुले यांनी, ख्रिस्ती न होताही, सर्व मानव एकाच निर्मिकाची लेकरे आहेत या विधानावर समतेचा सारा युक्तिवाद उभा केला. आपल्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबांच्या पूर्वजांना सुवार्ता ऐकताना नेमके हेच विधान सर्वप्रथम भिडले असेल, असे मला मनापासून वाटते.

दुसरे सत्र: देहाची उत्पत्ती

या सत्रात मंडळीतील एखाद्या जीवशास्त्राच्या शिक्षकाला बोलवावे आणि उत्क्रांतीचा सिद्धांत काय सांगतो, एवढेच वीस मिनिटांत मांडण्याची विनंती करावी. त्याने विज्ञानाचा बचावही करू नये आणि खंडनही करू नये. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. आपल्या जातीचे आजवर सापडलेले सर्वांत जुने अवशेष मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथील असून ते सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत. आणि आजच्या माणसांतील जनुकीय विविधता पाहता आपले पूर्वज एका वेळी हजारोंच्या संख्येने असावेत, असे जनुकशास्त्र सांगते. ही माहिती आधी नीट समोर आल्याशिवाय ख्रिस्ती भूमिकांची चर्चा पोकळ ठरते.

त्यानंतर भूमिका मांडाव्यात, आणि प्रत्येक भूमिका ती मानणाऱ्याला ओळखू येईल अशा शब्दांत मांडावी. काही ख्रिस्ती लोक सहा दिवस चोवीस तासांचे आणि पृथ्वी काही हजार वर्षांची मानतात. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली वंशावळींवरून सृष्टीचा आरंभ इ.स.पू. ४००४ मध्ये धरला होता. या भूमिकेची आजची मांडणी मात्र मुख्यतः १९६० नंतरच्या अमेरिकेत घडली. दुसरे लोक पृथ्वीचे प्राचीनत्व मान्य करून दिवस म्हणजे दीर्घ युगे समजतात आणि मनुष्याची निर्मिती मात्र देवाची वेगळी कृती मानतात. तिसऱ्या भूमिकेनुसार उत्क्रांती ही देवाचीच कार्यपद्धती आहे. या ठिकाणी एसा ग्रे यांचा उल्लेख अवश्य करावा. हार्वर्डचे हे वनस्पतिशास्त्रज्ञ डार्विनशी नियमित पत्रव्यवहार करीत, अमेरिकेत त्याच्या सिद्धांताचे ते प्रमुख समर्थक होते आणि त्याच वेळी आपण नायसियाचा विश्वासांगीकार मानतो, असे ते जाहीरपणे सांगत. उत्क्रांती मानणारा ख्रिस्ती मनुष्य ही अलीकडची तडजोड आहे, हा समज त्यामुळे दूर होतो. कॅथलिक मंडळीची भूमिका अधिकृत लेखांतून स्पष्ट आहे. मानवी देह आधी अस्तित्वात असलेल्या सजीव द्रव्यातून आला का, याचा शोध तज्ज्ञांनी घेण्यास पोप पायस बारावे यांनी १९५० च्या परिपत्रकात मोकळीक दिली, पण आत्मा देवच प्रत्यक्ष निर्माण करतो, हे त्यांनी कायम ठेवले. आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही केवळ एक अनुमान राहिलेली नाही, असे म्हणून त्याच मर्यादेचा पुनरुच्चार केला.

खरी अडचण आदामाची आहे, आणि ती टाळू नये. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल एका मनुष्याद्वारे आलेले पाप आणि एका मनुष्याद्वारे आलेली कृपा अशी जोडी उभी करतो. म्हणून कोणी आदाम-हव्वेला सर्व मानवांचे एकमेव आद्य जोडपे मानतो, कोणी त्यांना त्या काळच्या अनेक माणसांमधून देवाने निवडलेले प्रतिनिधी समजतो, तर कोणी त्यांच्यात प्रत्येक मनुष्याचे चित्र पाहतो. आद्य जोडपी अनेक होती, हे मत मूळ पापाच्या शिकवणुकीशी कसे जुळेल ते दिसत नाही, असे १९५० च्या परिपत्रकानेही नोंदवले आहे. येथे आणखी एक गोष्ट लक्षात आणून द्यावी. मूळ पापाचा दोष वारशाने येतो, ही मांडणी ऑगस्टीनच्या प्रभावाखालील पश्चिमेकडील मंडळीची आहे आणि ४१८ सालच्या कार्थेजच्या परिषदेने, पापाचा असा वारसा नाकारणाऱ्या पेलागियसच्या अनुयायांविरुद्ध, ती दृढ केली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या आदामाकडून मरण आणि दुर्बलता वारशाने आली असे मानतात, दोष नव्हे. जो प्रश्न आपल्याला विज्ञान आणि शास्त्र यांतील भांडण वाटतो, त्याचा बराचसा भाग मंडळीतील जुन्याच मतभेदांचा आहे.

तिसरे सत्र: आत्मा कोठून येतो आणि मनुष्य कशाचा बनला आहे

आपल्या भागात हे सत्र सर्वांत कठीण जाते, कारण आत्मा म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात गीतेचा दुसरा अध्याय असतो: आत्मा जन्मत नाही, मरत नाही, आणि जुनी वस्त्रे टाकून नवी घ्यावीत तसा तो एक देह सोडून दुसरा घेतो. ख्रिस्ती घरांतही ही समजूत नकळत असते. चालकाने गीतेची शिकवण आदराने आणि अचूक सांगावी, तिची थट्टा कधीही करू नये, आणि मग फरक स्पष्ट करावा. ख्रिस्ती शिकवणुकीनुसार आत्मा निर्माण केलेला आहे. तो देवाचा अंश नाही. त्याचे अस्तित्व प्रत्येक क्षणी देवावर अवलंबून आहे. आणि इब्री ९:२७ नुसार मनुष्याला एकदाच मरायचे आहे. देह हे आत्म्याचे वस्त्र किंवा तुरुंग नसून देवाने चांगले म्हटलेल्या सृष्टीचा भाग आहे. उत्पत्ती २:७ मध्ये माती आणि देवाचा श्वास मिळून मनुष्य जिवंत प्राणी होतो, आणि जिवंत प्राणी हे वर्णन त्याच अध्यायांत पशूंनाही लागू केले आहे. स्तोत्र १०४:२९-३० त्यासोबत वाचावे. तेथे सर्व प्राण्यांचा श्वास देवाच्या हाती आहे. मनुष्याचे वेगळेपण श्वासात शोधण्यापेक्षा प्रतिरूपात शोधावे, हे यावरून समजते.

आत्मा कोठून येतो, यावर आरंभीच्या मंडळीत तीन मते होती. इ.स. २०० च्या सुमारास कार्थेजचा तर्तुलियन म्हणत असे की देहाप्रमाणे आत्माही आईवडिलांकडून संततीकडे येतो. ओरिजेनच्या मते आत्मे देहांच्या आधीपासून अस्तित्वात होते. हे मत सहाव्या शतकात, सम्राट जस्टिनियनच्या काळात, धिक्कारले गेले. जेरोमचे मत असे होते की देव प्रत्येक मनुष्यासाठी नवा आत्मा निर्माण करतो. पहिले मत घेतले तर पापाचा वारसा सहज समजतो, पण आत्मा विभागला कसा जातो हे कळत नाही. तिसरे घेतले तर आत्म्याची एकता टिकते, पण देवाने नुकताच निर्माण केलेला आत्मा पापाखाली कसा येतो, हा प्रश्न उरतो. ऑगस्टीनने याच पेचाविषयी ४१५ मध्ये जेरोमला दीर्घ पत्र लिहिले आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत निर्णय दिला नाही. एवढ्या मोठ्या शिक्षकाने जो प्रश्न उघडा ठेवला, तो आपण दीड तासात बंद करण्याचा आग्रह धरू नये. पुढे लूथरच्या परंपरेने बव्हंशी पहिल्या मताकडे कल दाखवला, तर कॅल्व्हिन आणि कॅथलिक मंडळी यांनी तिसरे मत घेतले. सांगली-मिरज परिसरातील जुन्या मंडळ्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनमधून आणि सातारा-वाईच्या अमेरिकन मराठी मिशनमधून उभ्या राहिल्या. या दोन्ही परंपरांवर कॅल्व्हिनचा ठसा असल्याने आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात हेच तिसरे मत आढळते.

आत्मा गर्भात केव्हा येतो, हे कोणीतरी विचारतेच. देह आणि आत्मा यांचा आरंभ एकाच वेळी होतो, असे निस्साचा ग्रेगरी म्हणतो. अक्वायनस ॲरिस्टॉटलला अनुसरून बुद्धियुक्त आत्मा देहाची काही वाढ झाल्यावर येतो असे मानत असे. आजची कॅथलिक मंडळी तो क्षण तत्त्वज्ञानाने निश्चित न करता, गर्भधारणेपासूनच गर्भाला मनुष्य म्हणून वागवावे, असे शिकवते. वर्गात गर्भपात झालेली किंवा मूल गमावलेली स्त्री बसलेली असू शकते, हे ध्यानात ठेवून हा भाग थोडक्यात आणि हळुवारपणे घ्यावा.

मनुष्याचे घटक दोन की तीन, या वादात फार वेळ घालवू नये. मत्तय १०:२८ देह आणि आत्मा अशी जोडी देतो, १ थेस्सलनीकाकरांस ५:२३ मध्ये आत्मा, जीव आणि शरीर असे तीन शब्द येतात, आणि दोन्ही ठिकाणी भर संपूर्ण मनुष्यावर आहे. मात्र या वादातून उद्भवलेला एक धोका जरूर सांगावा. चौथ्या शतकात अपोलिनारिस म्हणू लागला की ख्रिस्ताचे शरीर मानवी होते, पण मानवी बुद्धीच्या जागी त्याच्यात देवाचा शब्द होता. ३८१ च्या परिषदेने हे नाकारले, आणि नाझियान्झसच्या ग्रेगरीने त्याचे कारण दिले: ख्रिस्ताने जे धारण केले नाही ते बरेही झाले नाही. आपली भीती, आपली निर्णयशक्ती, आपले दुःख यांचेही तारण झाले आहे, कारण ख्रिस्ताला पूर्ण मानवी आत्मा होता. आत्म्याची चर्चा ही कोरडी विद्वत्ता वाटणाऱ्यांना हा मुद्दा जागे करतो.

मिरजेत आणखी एक प्रश्न हमखास येतो. १८९४ साली उभ्या राहिलेल्या वॉनलेस मिशन हॉस्पिटलपासून या गावाला वैद्यकीय परंपरा लाभली आहे, आणि मंडळीतील किती तरी बहिणी नर्सिंगमध्ये आहेत. मेंदूला इजा झाल्यावर स्वभाव बदललेला, स्वतःच्या मुलांना न ओळखणारा रुग्ण त्यांनी रोज पाहिलेला असतो. आठवण आणि स्वभाव मेंदूबरोबर जात असतील, तर आत्मा म्हणून काय उरते, असे त्या विचारतात. या प्रश्नाला ‘आत्मा आत शाबूत आहे’ असे झटपट उत्तर देऊ नये. अक्वायनसचे उत्तर अधिक प्रामाणिक आहे: आत्मा हा देहाला आकार देणारे तत्त्व आहे, देहाविना तो अपुरा आहे, आणि ‘माझा आत्मा म्हणजे मी नव्हे’, असे तो करिंथकरांस पहिल्या पत्राच्या भाष्यात म्हणतो. म्हणून मेंदूची इजा ही खरोखरच त्या मनुष्याची हानी आहे, आणि ती हानी भरून निघण्याची आशा देहाच्या पुनरुत्थानात आहे. त्या रुग्णाचे मोल मात्र त्याच्या स्मरणशक्तीवर ठरत नाही. देव त्याला ओळखतो, आणि स्तोत्र १३९ हेच सांगते.

चौथे सत्र: मरण आणि पुनरुत्थान

या सत्राचा पाया म्हणून दफनविधीची उपासना घ्यावी. ‘मातीला माती’ हे शब्द सर्वांनी कबरस्तानात उभे राहून ऐकलेले असतात; त्याच वाक्यात पुढे पुनरुत्थानाची खात्रीची आशा येते, तिच्याकडे लक्ष वेधावे. मरण आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळाविषयी मतभेद आहेत. लूक २३:४३ आणि फिलिप्पैकरांस १:२३ यांच्या आधारे बहुतेक मंडळ्या मानतात की मृत विश्वासणारे ख्रिस्ताबरोबर जाणीवपूर्वक आहेत. पौल मृतांना निजलेले म्हणतो, यावरून सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी मरणानंतर पुनरुत्थानापर्यंत जाणीव नसते असे शिकवते. याच प्रकारच्या मताविरुद्ध कॅल्व्हिनने १५३४ मध्ये आपले पहिले धर्मशास्त्रीय लेखन केले. कॅथलिक नातेवाईक असलेल्या घरांत शुद्धिस्थानाचा, म्हणजे मरणानंतर आत्म्याचे शुद्धीकरण होण्याच्या अवस्थेचा, प्रश्न येईल. त्याचे उत्तर त्यांच्याच पाळकांकडून घेणे योग्य. या सर्वांवर एकमत नसले, तरी १ करिंथकरांस १५ हा अध्याय सर्वांचा आहे, आणि त्याची मागणी आत्म्याच्या अमरत्वापेक्षा मोठी आहे: पौल ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर आणि बदललेल्या देहावर बोट ठेवतो. हा अध्याय पूर्ण वाचून घ्यावा, त्यातील बीजाचे उदाहरण तसेच राहू द्यावे आणि त्यावर स्वतःची उदाहरणे रचू नयेत.

शेवटची तीस-चाळीस मिनिटे लेखी प्रश्नांसाठी राखून ठेवावीत. नावे लिहायला सांगू नये. बाप्तिस्म्याआधी मेलेले बाळ, ख्रिस्त न ऐकता गेलेले आजी-आजोबा, आत्महत्या केलेला भाऊ, यांविषयीच्या चिठ्ठ्या त्यांत असतील. अशा चिठ्ठीवर सर्वांसमोर सिद्धांत मांडू नये. एवढेच सांगावे की न्याय करणारा तोच आहे ज्याने त्या मनुष्याला आपल्या प्रतिरूपात घडवले. ज्यांना अधिक बोलायचे आहे त्यांनी वर्गानंतर पाळकांना भेटावे, असे जाहीर करावे, आणि पाळकांनी त्याच आठवड्यात त्या घरी जाऊन बसावे.